अटकेच्या पहिल्या रात्रीच वकील मिळावा : परळ-लालबागच्या रहिवाशांचे निवेदन

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण,
मुंबई.

विषय : मद्यप्राशन करून वाहन चालवल्याच्या व इतर फौजदारी गुन्ह्यांत पकडलेल्या गरजू रहिवाशांना पोलीस ठाण्यात आणि पहिल्या रिमांडच्या वेळी मोफत वकील प्रत्यक्ष मिळण्याबाबत.

संदर्भ : १) याच विषयावर आपल्या अखत्यारीतील एका कार्यालयास दिलेली आमची यापूर्वीची निवेदने (पोचपावत्या जोडल्या आहेत).
२) त्या कार्यालयातील बैठक व तिथे मिळालेली तोंडी आश्वासने.

महोदय,

या विषयावरचे हे आमचे पहिले निवेदन नाही. आधीची सगळी निवेदने खालच्या कार्यालयात दिली, प्रत्येकाची पोच घेतली. उत्तर एकाचेही आले नाही. पाठपुरावा करून करून मागच्या गणपतीआधी एक बैठक मिळाली. चहा झाला, आपुलकीने विचारपूस झाली आणि तीन गोष्टींचा शब्द मिळाला. रात्री-अपरात्री व सुट्टीच्या दिवशी येऊ शकतील अशा वकिलांची नवी यादी महिन्याभरात प्रत्येक पोलीस ठाण्यात लागेल. हॉलिडे कोर्टात विधी सेवेचा वकील बसेल. आणि आमच्या विभागात दर महिन्याला मार्गदर्शन शिबिर होईल. शिबिर एक झाले, त्याचे फोटोही निघाले. बाकी दोन गोष्टींची चौकशी केली की "यादी छपाईला गेली आहे" एवढेच ऐकायला मिळते. गणपती झाले, दिवाळी झाली, होळीही झाली; यादी अजून छपाईतच आहे. म्हणून आपल्याकडे यावे लागले.

त्या बैठकीत एका अधिकाऱ्यांनी हसत विचारले होते, "म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी तुम्ही निवेदन देताय?" त्या वेळी आम्ही गप्प बसलो, कारण यादी हवी होती. आता उत्तर देतो. होय, त्यांच्यासाठीही. पिऊन चाक हातात घेणाऱ्याला शिक्षा व्हावी यात आमच्यात दुमत नाही. ७ जुलै २०२४ च्या पहाटे ससून डॉकवरून मासळी घेऊन निघालेल्या वरळीच्या कोळी दांपत्याला मोटारीने उडवले आणि त्यातली बाई फरफटत जाऊन मरण पावली, ती बातमी आम्ही आमच्या घरातली बातमी म्हणून वाचली. आमच्या बायकाही पहाटे मासळी, भाजी, फुले आणायला रस्त्यावर असतात. आरोपी सुटावा अशी मागणी या निवेदनात कुठेही नाही. आरोपीला वकील मिळावा, आणि तो वेळेवर मिळावा, एवढेच मागतो आहोत.

योगायोग असा की अटकेची कारणे लेखी, आरोपीला समजेल अशा भाषेत आणि रिमांडसाठी उभे करण्याच्या निदान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सांगितले ते वरळीच्या त्याच प्रकरणात. दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत असलेल्या आरोपीच्या खटल्यातून नियम निघाला, हरकत नाही. नियम सगळ्यांनाच लागू आहे. पण ते दोन तास आमच्या मुलांच्या वाट्याला येतात ते वकिलाशिवाय. कागद हातात पडतो, तो वाचून अर्थ सांगणारा कुणी नसतो. पुष्कळदा तर व्हॅनमध्ये बसवतानाच "इथे सही कर" म्हणून तो पुढे केला जातो.

आमच्या मुख्य दुखण्याचा एक प्रसंग तपशिलाने मांडतो. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. आपण समक्ष बोलावल्यास कागदपत्रांसह संबंधितांना हजर करू.

काळाचौकीच्या एका चाळीतला तरुण, ॲपवरची टॅक्सी चालवणारा. शनिवारी नातेवाइकाकडच्या हळदीहून रात्री परतताना डॉ. आंबेडकर मार्गावरच्या नाकाबंदीत अडवला. यंत्रात फुंकायला लावले, आकडा मर्यादेच्या वर गेला. इथवरचा गुन्हा जामीनपात्र. चूक केली, दंड भरावा, लायसन जाईल ते जाईल. पण गाडी ओढून नेण्यावरून शब्दाला शब्द लागला, ढकलाढकली झाली असे फिर्यादीत आले आणि सरकारी कामात अडथळ्याचे कलम जोडले गेले. ते अजामीनपात्र. रात्रीत दंडाचे प्रकरण कोठडीचे झाले. ढकलाढकली खरोखर झाली की नाही, ते न्यायालय ठरवील. आम्ही सांगतो आहोत ते पुढचे.

आईवडील रात्री दोनच्या सुमारास ठाण्याच्या पायरीवर आले. मोफत वकील मिळतो हे वडिलांना त्या शिबिरातूनच माहीत होते, म्हणजे शिबिराचा तेवढा उपयोग झाला हे मान्य करतो. ठाणे अंमलदारांनी भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवले. फलक कपाटाच्या आड अर्धा झाकलेला होता. पहिला क्रमांक बंद. दुसऱ्यावर एका बाईंनी सांगितले की वकीलसाहेब आता वकिली करत नाहीत. तिसरे सभ्य गृहस्थ होते, त्यांनी झोपेतून उठून फोन घेतला आणि म्हणाले, "माझी पॅनेलची मुदत संपून बराच काळ झाला, माझे नाव अजून तिथे आहे का?" पुढची दोन नावे दिवाणी कामे पाहणाऱ्यांची निघाली. विधी सेवेचा १५१०० हा मदत क्रमांक आम्हाला पाठ आहे आणि तो असावाच. पण त्या वेळेला ठाण्यात येऊन उभा राहणारा माणूस लागतो.

रविवारी दुपारी मुलाला हॉलिडे कोर्टात नेले. सुट्टीच्या दिवशी अनेक ठाण्यांचे आरोपी एकाच न्यायासनापुढे येतात, एकेकाच्या वाट्याला काही मिनिटेच येणार हे आम्हाला कळते. न्यायाधीशांनी "वकील आहे का?" विचारले, मुलगा "नाही" म्हणाला. विधी सेवेच्या वकिलाची खुर्ची होती, तीवर कुणीतरी पिशवी ठेवलेली होती. पोलिसांनी कोठडी मागितली नाही, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला आणि संध्याकाळी मुलगा आर्थर रोड कारागृहात पोहोचला. जामिनाचा अर्ज करायचा असतो आणि तो त्याच वेळी करता येतो, हे त्याला माहीत नव्हते. सांगणार कोण?

तिथे एखादा नवशिका वकील उभा असता तरी त्याने दोन-तीन गोष्टी न्यायालयाच्या नजरेला आणल्या असत्या. सात वर्षांच्या आतला गुन्हा आहे, नोटिशीवर भागले असते, अटकेची गरज काय ते कागदावर लिहिलेले नाही. दारूच्या गुन्ह्यातल्या अटकेनंतर दोन तासांत व्हायला हवी ती वैद्यकीय तपासणी किती वाजता झाली, ती जागा कोरी आहे. मुलाचा राहण्याचा पत्ता पक्का आहे, आजोबांपासूनचे घर आहे, तो पळून जाणार नाही. यातले काही टिकले असते, काही नसते. पण ते बोललेच गेले नाही. त्यानंतर तो आत राहिला तो केवळ वकील नव्हता म्हणून, आणि हे कारण कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

सोमवारी आई विधी सेवेच्या कार्यालयात गेली. खिडकीवर उत्पन्नाचा दाखला मागितला गेला. तहसीलदारांचा दाखला मिळायला किती दिवस लागतात हे आपल्याला सांगायला नको. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट लागत नाही, हेही आपल्याला सांगायला नको. पण त्या खिडकीवर ते आम्हाला सांगावे लागले, आणि ऐकणाऱ्याने "साहेब आल्यावर बघू" असे उत्तर दिले. दरम्यान न्यायालयाच्या आवारात "मॅटर मी बघतो" म्हणत एक काळा कोटवाला भेटला. तो खरोखर वकील होता की वकिलाचा दलाल, हे कुटुंबाला आजही ठाऊक नाही. चाळीच्या भिशीतला पैसा त्याच्याकडे गेला. तारीख पडली, तो आलाच नाही. शेवटी परळच्या एका ओळखीच्या वकिलांनी फी न घेता जामीन करून दिला. मुलगा घरी आल्यानंतर विधी सेवेचे नियुक्तिपत्र टपालाने आले. ते पत्र आम्ही सोबत जोडले आहे. त्यावरची तारीख आणि सुटकेची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहावी, एवढी विनंती.

हा प्रसंग अपवादाचा असता तर आम्ही निवेदन दिले नसते. दहीहंडीच्या वेळची हाणामारी, मंडळाच्या पोरांवरचे गुन्हे, गाड्यांची धडक, प्रत्येक वेळी गोष्ट याच वळणाने जाते. टॉवरमध्ये घरकाम करणाऱ्या आमच्या बायकांची तर आणखी वेगळी तऱ्हा. घरात दागिना सापडेना झाला की पहिली संशयित तीच. गुन्हा नोंद नाही, अटक नाही, फक्त "चौकशीसाठी" म्हणून सकाळी बोलावतात आणि अंधार पडेपर्यंत बाकावर बसवतात. अटकेच्या आधीच्या टप्प्यावरही वकील पुरवण्याची चौकट राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१९ मध्येच घालून दिली. आमच्या भागात ती एकाही बाईपर्यंत पोहोचल्याचे आम्हाला आढळले नाही.

आणि हे सगळे ज्या शहरात घडते त्या शहराचा इतिहास आपल्या कार्यालयाला आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्यावर १९८३ मध्ये आदेश झाला की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे. २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाबच्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटले की आरोपीला पहिल्यांदा समोर आणताच, तुला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, हे दंडाधिकाऱ्यांनी सांगितलेच पाहिजे. न सांगणे ही कर्तव्यातली कसूर. कसाबला वकील मिळाला. मिळायलाच हवा होता, त्यावर आमच्याही चाळींत तेव्हा खूप भांडणे झाली आणि शेवटी बहुतेकांना ते पटले. तो खटला आर्थर रोडच्या ज्या भिंतीआड चालला, ती भिंत आमच्यातल्या काहींच्या गॅलरीतून दिसते. त्या भिंतीच्या अलीकडे राहणाऱ्या मुलाला मात्र रविवार आहे म्हणून वकील मिळत नाही.

वकिलांना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. पॅनेलवरच्या कित्येकांचे मानधन महिनोन्महिने अडकते असे तेच सांगतात. रात्रीच्या टॅक्सीचे पैसे कोण देणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची पद्धत राष्ट्रीय प्राधिकरणाने २०२२ मध्ये आणलीच आहे. रात्रपाळी लावायची तर ती पगारी माणसालाच लावता येईल.

दारूच्या गुन्ह्याबद्दल आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कुणी गांभीर्याने पाहत नाही. न्यायालयात उभे राहण्याआधीच मुलांना सांगितले जाते, "कबूल करून टाक, दंड भर, संध्याकाळपर्यंत घरी." सांगणारा कधी पोलीस असतो, कधी कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. आता दंड दहा हजारांपर्यंत जातो, शिवाय कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. मुलगा दंड भरतो आणि सुटलो म्हणतो. पण ती शिक्षा झाल्याची नोंद असते. पुढे बॅजचे नूतनीकरण, शाळेच्या बसवरची नोकरी, चारित्र्य पडताळणी, पासपोर्ट, जिथे जाईल तिथे ती त्याच्या आधी पोहोचलेली असते. आणि पुन्हा सापडला तर दंड पंधरा हजारांपर्यंत व कैद दोन वर्षांपर्यंत. कबूल करणे अनेकांच्या बाबतीत योग्यही असेल. ते समजून-उमजून करावे, एवढे समजावायला कुणीतरी पाच मिनिटे द्यावीत. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या बारमधून बाहेर पडणाऱ्याचा वकील त्याच्या मोबाइलमध्ये असतो. त्याच बारच्या दारात गाड्या लावणाऱ्या आमच्या मुलाच्या मोबाइलमध्ये फार तर मंडळाच्या अध्यक्षाचा नंबर असतो. मंडळाचे अध्यक्ष मदतीला धावतात, पण त्यांना वकीलपत्र घालता येत नाही.

जामीनदाराची अडचण आमच्या भागाला खास लागू पडते. जामीन मंजूर होतो आणि माणूस तरीही आतच राहतो, कारण जामीनदाराचा पत्ता जुळत नाही. रेशनकार्डावर जी चाळ आहे ती पुनर्विकासात पाडली गेली, कुटुंब संक्रमण शिबिरात किंवा भाड्याने विरार-बदलापूरला, पागडीची भाडेपावती वारलेल्या वडिलांच्या नावावर, आणि आधारवर तिसराच पत्ता. पडताळणीला गेलेल्या हवालदाराला पत्त्याच्या जागी पत्रे ठोकलेले कुंपण दिसते. तो तसेच लिहितो, त्यात त्याचेही चुकत नाही. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहापायी सुटका रखडते हे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात नोंदवलेच आहे. हा मुद्दा आम्ही बैठकीत मांडला, तेव्हा "हे फार महत्त्वाचे आहे, लिहून द्या" असे सांगण्यात आले. लिहून दिले. त्याची पोचही आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा :

१) भोईवाडा, शिंदेवाडी, गिरगाव, माझगाव व किल्ला कोर्टाच्या हद्दीतील प्रत्येक पोलीस ठाण्यासाठी रात्रपाळीचा व सुट्टीच्या दिवसाचा वकील नावानिशी नेमावा. त्याचे वेळापत्रक दर महिन्याला ठाण्याच्या दर्शनी भागात, कपाटाच्या आड नव्हे, मराठी व हिंदीत लावावे. अटकेची वर्दी त्या वकिलाला कधी दिली याची वेळ स्टेशन डायरीत नोंदवली जावी आणि ती नोंद रिमांडच्या कागदांसोबत न्यायालयापुढे जावी. हॉलिडे कोर्टातल्या विधी सेवेच्या खुर्चीवर माणूस असावा. तो त्या दिवशी आला की नाही, हे दर सोमवारी आपल्या कार्यालयाला कळावे. जुनी यादी काढून टाकावी. नवी छापून होत नसेल तर टाइप करून लावावी, आमच्यापैकी कुणीही झेरॉक्सचा खर्च देईल.

२) कोठडीतल्या व्यक्तीच्या नातेवाइकांकडून उत्पन्नाचा दाखला मागू नये, अशी लेखी सूचना प्रत्येक खिडकीवर चिकटवावी. तसेच नियुक्तिपत्र त्याच दिवशी वकिलाला मोबाइलवर व ई-मेलने जावे.

३) दारूच्या गुन्ह्यात कबुली देण्यापूर्वी न्यायालयाच्या आवारातच वकिलाशी बोलण्याची सोय असावी. गटारी, ३१ डिसेंबर आणि धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तर हमखास.

४) पुनर्विकासातल्या रहिवाशांच्या जामीनदार पडताळणीसाठी म्हाडाचे वा विकासकाचे भाडेपत्र ग्राह्य धरले जावे, यासाठी आपण न्यायालय प्रशासनाकडे शिफारस करावी. २०२३ च्या गरीब कैदी योजनेत जामिनासाठी आर्थिक मदत आहे. मुंबईत ती किती जणांना मिळाली, ते कळवावे.

५) अपघातात दगावलेल्यांच्या घरच्यांनाही विधी सेवेने स्वतःहून भेटावे. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तर मृताच्या वारसांना दोन लाख मिळतात, हेही पुष्कळांना माहीत नसते.

६) न्यायालयाच्या आवारातील दलालांचा बंदोबस्त करावा.

या निवेदनावर सही करणाऱ्यांपैकी एक जण निवृत्त कारकून आहे. जावक क्रमांक पडला म्हणजे काम झाले असे नसते, हे त्याने तीस वर्षे आतून पाहिले आहे. म्हणून या वेळी नुसत्या पोचेवर आमचे समाधान होणार नाही. कृपया आमच्या प्रतिनिधींना गटारीच्या आधी भेटीची वेळ द्यावी आणि मागणी क्रमांक १ वर काय ठरले ते लेखी कळवावे. "यादी छपाईला गेली आहे" हे उत्तर येणार असेल, तर छापखान्याचे नाव व पत्ता सोबत द्यावा. यादी आणायला आम्ही स्वतः जाऊ.

आपले विश्वासू,
लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी व शिवडी परिसरातील रहिवासी
(सह्यांची पाने जोडली आहेत)

सोबत : पूर्वीच्या निवेदनांच्या पोचपावत्या, ठाण्यातील फलकाचे छायाचित्र, विलंबाने आलेले नियुक्तिपत्र व सुटकेच्या आदेशाची प्रत (नावे झाकून).

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. पोलीस सह आयुक्त (कायदा व सुव्यवस्था), मुंबई
मा. पोलीस सह आयुक्त (वाहतूक), मुंबई
मा. आमदार, शिवडी विधानसभा मतदारसंघ